चिमो, अर्थ पहिला

नाण्यांचा खळखळाट थांबला तसा ऑरिन भाड्याच्या पेटीकडे जरा वाकून म्हणाला, "चिमो."

एवढंच झालं. रविवारची सकाळ होती, डार्टमथच्या धक्क्याला फेरीबोट लागलेली होती, धुकं पाण्यावरून अजून उठलेलं नव्हतं आणि रांगेत कुणालाच घाई नव्हती. पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसानं सवयीनं मान हलवली आणि म्हणाला, "तुलाही चिमो, भावा. चला, पुढे व्हा." मागची बाई हसली. पण थॅडियस कोलीचा हात कोटाच्या खिशात होता तिथेच राहिला. त्या शब्दाचं त्याला काही नव्हतं. स्फोटानंतर त्याच्या मुलाच्या, ऑरिनच्या, तोंडात तेवढा एकच शब्द शिल्लक राहिलेला होता. चहाला तोच, पाण्याला तोच, दुखलं तरी तोच, हे आता शेजारच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. हादरा बसला तो सुराचा. वरून सुरू होऊन दोन झोक्यांत खाली उतरणारा, शेवटच्या 'मो'वर उगाच रेंगाळणारा तो सूर थॅडियसचा होता. रोज सकाळी जिन्यातून खाली येताना ऑरिन त्याला त्याच सुरात हाक मारायचा, आणि ओट्याशी उभा असलेला थॅडियस पाठ न वळवता मनात म्हणायचा, हा मी. हा माझा. अर्थ पहिला: बाबा. आणि आता तोच सूर, तस्साच, एका रेघेचाही फरक नसलेला, एका लोखंडी पेटीला मिळालेला होता.

"चल," तो म्हणाला. ऑरिनचा उजवा हात लुळा होता, म्हणून डावा कोपर धरून त्यानं त्याला बोटीत नेलं, खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. इंजिनाची थरथर बाकड्यातून मांड्यांत शिरली. कदाचित आपण चुकीचं ऐकलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. पण ज्या माणसानं सारा जन्म लोकांचं बोलणं कान देऊन ऐकण्यात घालवला, किनाऱ्यावरच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसून त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपले, आणि मग त्या एकेका शब्दाचं मूळ कुठल्या बंदरातून, कुठल्या गुलामांच्या जहाजातून, कुठल्या स्कॉटिश मिठागरातून आलं ते शोधलं, त्या माणसाला ही थाप पचणं कठीण होतं. प्रांताच्या बोलीच्या कोशात व्युत्पत्तीचं काम त्याच्याकडे होतं. कोश छापून झाला, कचेरीतली खोली रिकामी करून द्यावी लागली, आणि तो घरी आला तेव्हा लिओथा, त्याची धाकटी बहीण, म्हणाली होती, "आता बोल जरा माणसांशी. इतकी वर्षं नुसतंच ऐकलंस त्यांचं." तिची जीभ अशीच होती. पण ते खरंही होतं. मुलाशी तो कधी फारसा बोलला नव्हता. ऑरिन काही विचारायला यायचा आणि थॅडियस त्याच्या प्रश्नातल्या एखाद्या शब्दाला धरून सतराव्या शतकापर्यंत जाऊन यायचा, आणि परत येईपर्यंत मुलगा निघून गेलेला असायचा.

एकदा मात्र गेला नव्हता. सैन्यात नाव घालून आला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहून तो म्हणाला होता, "बाबा, इंजिनिअर्समध्ये घेतलं मला. सॅपर." आणि थॅडियसच्या तोंडून, अभिनंदनाच्या आधी, नको जाऊस म्हणायच्याही आधी, निघून गेलं होतं, "सॅपर. त्याच्या मुळाशी कुदळ आहे, माहीत आहे? इटलीतल्या शेतकऱ्याची. वेढा घालताना तटाखाली खणत जायचे त्यांच्या हातात तीच असायची." कॉरिननं, त्याच्या बायकोनं, हातातलं पातेलं जरा जोरातच ठेवलं. पण ऑरिन हसला. "कुदळच ना? मग घरचीच आहे की. पणजोबांच्या हातात काय होतं?" पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते, काळ्यांच्या बांधकाम पलटणीत. बंदूक मागायला गेलेल्यांच्या हातात फावडी आणि करवती दिलेल्या होत्या. फ्रान्सच्या डोंगरात लाकडं तोडून, रस्ते खणून ते परत आले आणि आयुष्यभर त्या फावड्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. "चार पिढ्या झाल्या, बाबा, आणि आपलं घराणं अजून खणतंच आहे," ऑरिन म्हणाला, "तुम्हीसुद्धा. तुम्ही फक्त कोरड्या जागी खणता." कॉरिन हसली होती तेव्हा. हसता हसता डोळे पुसले होते. ती पुढच्या हिवाळ्यातच गेली, छातीतल्या गाठीनं, आणि कंदाहारच्या रस्त्यावर सुरुंग फुटून जे झालं ते तिला बघावं लागलं नाही. थॅडियस कधी कधी त्याबद्दल देवाचे आभार मानायचा आणि मग त्याच देवावर चिडायचा, की एवढीच दया तुला परवडली का.

बोट सुटली. ऑरिन काचेला कपाळ टेकवून पाण्याकडे बघत होता. डाव्या कानामागून टाळूपर्यंत गेलेल्या खळग्यावर केस नीट उगवलेले नव्हते. एक बगळ्याएवढा समुद्रपक्षी काचेच्या अगदी जवळून गेला. म्हणू नकोस, तो मनात म्हणाला, त्याला नको म्हणूस. ऑरिन काही म्हणाला नाही. पण त्यानं समाधान झालं नाही. उलट आपण पक्ष्याचा हेवा करण्याच्या पायरीला आलो, एवढं मात्र त्याला कळलं.

आणि हे आजच व्हायचं होतं. आज दुपारी जेवायला लिओथाकडे जायचं होतं, आणि जेवण झाल्यावर ती विचारणार होती. सैनिकांच्या इस्पितळात वरच्या मजल्यावर एक खाट रिकामी झालेली होती. कायमची. उद्या सकाळी होय किंवा नाही कळवायचं होतं. "तुझं कंबरडं गेलंय, थॅड," ती मंगळवारी म्हणाली होती. "परवा न्हाणीघरात तो घसरला तेव्हा तुला उचलता आलं का त्याला? शेजाऱ्याला हाक मारावी लागली. तुला काही झालं तर तो कुणाला हाक मारणार? आणि काय म्हणून?" त्यानं नेहमीचंच उत्तर दिलं होतं. तो मला ओळखतो. त्याच्याकडे माझ्यासाठी शब्द आहे. बाकी कुणासाठी नाही, माझ्यासाठी आहे. आणि जो माणूस आपल्याला हाक मारतो त्याला जिन्याच्या खाली सोडून जाता येत नाही. लिओथा गप्प बसली होती. या एका गोष्टीपुढे ती गप्प बसायची.

ही गोष्ट त्यानं मिळवलेली होती, कुणी दिलेली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की काही रोग्यांत असं होतं. एखादा शब्द शिल्लक राहतो, बहुधा तोंडात फार रुळलेला, आणि तो आपोआप येत राहतो, त्यात बोलणाऱ्याचा अर्थ असेलच असं नाही. असेलच असं नाही! थॅडियसनं ते वाक्य कोशातल्या कच्च्या नोंदीसारखं घेतलं. आधार अपुरा. मग तो ऐकायला बसला. तेच तर येत होतं त्याला. महिनोन्‌महिने त्यानं मुलाचं एक अक्षर वाया जाऊ दिलं नाही. आणि हळूहळू, एखादी विसरलेली बोली उलगडावी तसे, त्या एका शब्दाचे अर्थ उलगडत गेले. तुटक आणि चढा: नको. नाकातून, सपाट: पाणी. मध्येच थरथरणारा: दुखतंय. आणि दोन झोक्यांचा, उतरता, रेंगाळणारा: बाबा. तो अर्थ सापडला तेव्हा थॅडियस ओट्याला धरून उभा राहिला होता आणि ओटमीलची खीर करपून गेली होती. त्यानं तो अर्थ पहिला ठेवला. कोशात सर्वांत जुना अर्थ पहिला ठेवतात.

ज्या शब्दातून हे सगळं काढायचं होतं त्या शब्दाची तरी काय दशा. चिमो हा इंजिनिअर पलटणीचा जयघोष. भेटताना चिमो, निरोप घेताना चिमो, पेला उचलताना चिमो, आणि म्हणताना तळहात छातीवर गोल फिरवायचा. ऑरिननं बापाला एकदा पलटणीच्या मेजवानीला नेलं होतं. लाल कापड घातलेली टेबलं, चकचकीत बटणं, आणि मधे हा जुना कोट घातलेला म्हातारा. कुणीतरी म्हणालं, "ऑरिन, तुझे बाबा शब्दांचे डॉक्टर ना? मग आमच्या चिमोची नाडी बघायला सांग." तो उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की हा शब्द तुमचा नाही. उत्तरेकडच्या बर्फातल्या लोकांचं ते अभिवादन. व्यापाऱ्यांच्या कानांतून, त्यांच्या वेड्यावाकड्या लिहिण्यातून घासत घासत तो तुमच्यापर्यंत आला; ज्यांच्या तोंडी तो मुळात होता त्यांना आज तुमचा उच्चार ओळखू येईल की नाही कोण जाणे. मुळात त्याचा अर्थ काहीसा असा, की तुला शांती असो. मग एक दांडगा सार्जंट म्हणाला, "म्हणजे सुरुंग काढायला जाताना आम्ही सुरुंगालाच म्हणतो म्हणा, बाबा रे, तुला शांती असो." हशा पिकला, पेले वाजले, सगळ्यांनी छातीवर हात फिरवत "चिमो" म्हटलं, आणि ऑरिन बापाकडे अशा नजरेनं बघत होता की थॅडियसला आपण जन्मात पहिल्यांदाच काहीतरी खणून त्याच्या हातात ठेवलं असं वाटलं. तोच तो शब्द. रस्त्यावर गुडघे टेकून, कानाला यंत्र लावून, माती हातानं बाजूला सारत असताना ऑरिनच्या तोंडात तोच होता का? की त्याच्या जोडीदारानं म्हटला आणि यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं? हे कधी कळणार नव्हतं. पहिला आधार सापडत नाही असे शब्द असतात. त्यांच्यापुढे कोशात लिहितात, मूळ अज्ञात. ते दोन शब्द लिहिताना त्याला पूर्वी कधी काही वाटलेलं नव्हतं.

हॅलिफॅक्सच्या धक्क्यावरून चढ लागतो. बॅरिंग्टन स्ट्रीट ओलांडून, किल्ल्याच्या टेकडीला बगल देऊन ते गॉटिंगन स्ट्रीटकडे निघाले. थॅडियसच्या कमरेत सुरी फिरत होती. चर्चला जायची कल्पना बोलणं शिकवणाऱ्या बाईंची. त्या म्हणाल्या होत्या, की काहींना बोलता येत नाही पण गाता येतं. गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं. लहानपणी ऐकलेलं काही त्याला ऐकवा, कुणी सांगावं. लिओथानं ते उचलून धरलं. "कॉरिन गेल्यापासून तू देवाच्या घराचा उंबरा चढला नाहीस. तुझ्यासाठी नको येऊस. त्याच्यासाठी ये." म्हणून आज तो आशा घेऊन निघाला होता, की गाण्यातून एखादा दुसरा शब्द वर येईल. आता चढ चढताना त्याच्या लक्षात आलं की त्याला दुसरा शब्द नकोच आहे. त्याला फक्त पहिला परत हवा आहे. पेटीला दिलेला.

दारात डीकन स्मिदर्स उभे होते, नव्वदीला टेकलेले, काठीसारखे सरळ. "अरे वा! शब्दांचे डॉक्टर आले की. वाट चुकलात?"

"लिओथानं ओढून आणलं."

"देव तिच्या दंडाला बळ देवो." मग त्यांनी ऑरिनचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. "आणि कॉरिनचं पोर. ये, बाळा. आईची जागा तशीच आहे. कुणी बसलं तर मी उठवतो."

"चिमो," ऑरिन म्हणाला. सपाट, नाकातून. पाणी. थॅडियसनं इकडेतिकडे पेला शोधला आणि मग हात खाली सोडला.

लिओथा आत बाकावर जागा धरून बसलेली होती, जांभळी हॅट घालून. "बस. आणि त्याच्या तोंडाकडे असं बघत बसू नकोस, दूध उतू जाणार असल्यासारखं," ती कुजबुजली. ऑरिनला तिनं जवळ ओढून गालावर पटकन ओठ टेकले, मग पर्समधून पुदिन्याची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. तो लहान असताना ठेवायची तशीच. बाकाच्या लाकडाला तोच वास होता, मेणाचा, ओल्या लोकरी कोटांचा, आणि तळघरात शिजत असलेल्या, काकवी घातलेल्या घेवड्याचा. इथे कॉरिन बसायची, मांडीवर ऑरिन, आणि थॅडियस कडेला, अर्धा आत अर्धा बाहेर, पाळकांच्या बोलण्यातले जुने शब्द मनात टिपत. देवाच्या घरातही तो गिऱ्हाईकच होता. कॉरिन कधी बोलली नाही. फक्त एकदा, घरी जाताना, म्हणाली होती, "सगळे न्हाऊन निघाले, थॅड, आणि तू तेवढा कोरडा आलास. छत्री घेऊन बसतोस का रे?"

रेव्हरंड सिमंड्स उठले. जाडजूड माणूस, पायऱ्या चढताना धाप लागणारा, आणि आवाज सुरुवातीला इतका बारीक की मागच्यांनी पुढे वाकावं. ते बोलू लागले. कोरड्या मुलखातला एक बाप होता. त्यानं विहिरी खणल्या. ज्यानं कधी विहीर खणली आहे त्याला विचारा, पाणी लागेपर्यंत माणूस किती वेळा मरतो. मग बाप म्हातारा झाला आणि गेला, आणि वैऱ्यांनी त्या विहिरी मातीनं बुजवल्या. इथपर्यंत ते नुसतं बोलणं होतं. मग एका वाक्याच्या शेवटी त्यांचा श्वास जरा मोठा लागला, आणि पुढचं वाक्य सुरावर आलं. कधी आलं ते कुणाला सांगता आलं नसतं. भरती येते तेव्हा पहिली ओली रेघ कुणी बघितलेली असते? ऑर्गनवाल्या बाईंनी एक सूर खाली धरला. "माती टाकली त्यांनी," रेव्हरंड गाऊ लागले, "माती टाकली, दगड टाकले, पण पाणी मेलं नाही हो, पाणी खाली वाट बघत होतं," आणि बाकांमधून उत्तर आलं. आधी म्हाताऱ्यांचं, मग सगळ्यांचं. पायांचे ठोके, हातपंख्यांचा वारा, आणि वरून सुरू होऊन दोन झोक्यांत खाली येणारं, शेवटी रेंगाळणारं, "आमेन."

थॅडियसनं तो सूर ओळखला. त्याला मान वळवायची नव्हती. वळवायच्या आधीच ऐकू आलं. मंडळीच्या आमेनच्या आत, त्याच झोक्यांवर, कुठेही पुढेमागे न होता, ऑरिनचा आवाज होता. "चिमो."

"मग मुलगा आला," रेव्हरंड गात होते, "बापाची कुदळ घेऊन आला."

"चिमो."

"बापानं खणलं तिथेच त्यानं खणलं."

"चिमो."

पुढच्या बाकावरची एक बाई वळून बघून हसली आणि पुन्हा टाळी देऊ लागली. लिओथा रडत होती आणि गात होती, दोन्ही एकदम. हॅट एका बाजूला कलली होती. "ऐक, थॅड," ती त्याच्या कानात म्हणाली, "ऐक रे, तो देतोय जबाब!" रेव्हरंडनाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी हात या बाकाकडे केला आणि ओळ जरा खाली, जरा सोपी, ऑरिनला पोचेल अशी टाकली, आणि ऑरिननं डावा तळहात छातीवर गोल फिरवत ती झेलली. आणि आता मंडळीतले दोघेतिघेही आमेनच्या जागी "चिमो" म्हणू लागले, मग आणखी काही, प्रेमानं, पोराला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून. सगळं चर्च हलत होतं. जे कुणी तिथे होतं ते भिजलं.

थॅडियस बसून होता. त्याच्या आत ती जुनी, कामाची, थंड जागा उघडली होती, आणि तिथे एकेक आधार आपोआप जागेवर पडत होता. कॉरिनचा तळवा. मांडीवर पालथ्या पडलेल्या पोराच्या पाठीवर, मंडळीच्या आमेनबरोबर, दोनदा पडणारा तळवा, दुसऱ्या वेळी जरा रेंगाळणारा. रविवारमागून रविवार. बोलायला लागायच्या कितीतरी आधी. बाबा म्हणायच्या आधी, आई म्हणायच्याही आधी, त्या पोराच्या हाडात हा सूर बसलेला होता, आणि सगळे शब्द उडून गेले तेव्हा तोच तळाशी शिल्लक राहिला. मूळ सापडलं होतं. इतकं स्वच्छ, इतकं निर्विवाद मूळ त्याला सगळ्या आयुष्यात क्वचित सापडलं असेल. आणि त्यात तो नव्हता. जिन्यावरून रोज सकाळी जे ऐकू यायचं ती हाक नव्हतीच. मुलगा खाली उतरत होता आणि समोर जे काही असेल, ओटा, किटली, उजेड, म्हाताऱ्याची पाठ, त्याला आमेन म्हणत होता. पेटीला म्हणाला तसा. आहे ते असो. थॅडियसनं कान द्यायचा तिथे दिला नव्हता. सगळीकडे ऐकत हिंडला, फक्त या बाकावर कोरडा बसला, छत्री घेऊन. इथला एखादा निरक्षर म्हातारासुद्धा पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. कदाचित लिओथाही. तिला त्यानं कधी विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

ही कृपा आहे, असं कुणी म्हणालं असतं. रेव्हरंड म्हणालेच, दारात, घामानं ओल्या हातांनी त्याचा हात धरून: "त्याची विहीर बुजलेली नाही, भाऊ. खाली पाणी आहे." थॅडियस म्हणाला, "हो, आहे." ते खरं होतं. आणि ते त्याच्यासाठी नव्हतं. तहानलेल्या माणसाला कुणी दुसऱ्याच्या शेतातलं पाणी दाखवावं तसं ते समोर चमकत होतं.

लिओथाच्या घरी घेवडा होता, माशाच्या टिक्क्या होत्या, काकवीचा काळा पाव होता. तिनं ऑरिनच्या ताटातले घास करून दिले. मग भांडी उचलताना, पाठ करून, म्हणाली, "आज मी विचारणार नाही. आज जे झालं त्यानंतर माझी जीभच रेटत नाही. तो तुला ओळखतो, थॅड. त्याच्यात सगळं आहे. तू म्हणत होतास तेच खरं."

त्यानं तिच्या पाठीकडे बघितलं. आता बोलायला हवं होतं. की मी म्हणत होतो ते खरं नाही. ज्यावर मी तुला गप्प बसवत आलो ते आज माझ्या डोळ्यांदेखत गेलं. तिला आज पहिल्यांदा पटलं होतं, आणि आजच त्याचा स्वतःचा विश्वास उडाला होता. "उद्या सकाळी फोन कर मला," एवढंच तो म्हणाला.

"काय सांगायला?"

"कर तर खरा."

परतीच्या बोटीत माणसं थोडी होती. धुकं उठलं होतं आणि पाण्यावर फिक्या उन्हाची पन्नी पसरली होती. बंदरावरचे दोन्ही पूल स्वच्छ दिसत होते. पेटीला नाणी घालताना थॅडियसनं या वेळी मुलाकडे बघितलंच नाही, पण कानाला झाकण नसतं. ते खिडकीपाशी बसले. इंजिन थरथरलं. बरंच पाणी मागे गेल्यावर थॅडियस म्हणाला, "ऑरिन." मुलानं मान वळवली नाही. "ऑरिन, तिकडे, इस्पितळात, खाट आहे. खिडकीतून बंदराचा तुकडा दिसतो म्हणे. तिथे ठेवू का तुला?"

"चिमो." दोन झोक्यांत, रेंगाळत.

"की घरीच राहायचं? माझ्याजवळ?"

"चिमो."

तोच. तराजूचा काटा जराही हलला नाही. थॅडियसला हसू आलं. सगळ्याला होकार देणाऱ्याला विचारायचं तरी काय. जो नाही म्हणू शकत नाही त्याचं हो कुठे ठेवायचं. नको, तुटक आणि चढा. तो अर्थ तरी खरा होता का? की न्हाणीघरात, गोळ्या देताना, गार पाण्यानं तोंड पुसताना, तेही एखादं जुनं गाणंच होतं, आणि आपण नको समजून हात मागे घेत होतो? एकामागून एक अर्थ तो पुसत गेला, शेवटून पहिल्याकडे. पहिल्याशी थांबला. मग विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

"मी कोण, ऑरिन?"

मुलगा पाण्याकडे बघत होता. डावा हात छातीवर गोल फिरला. "चिमो."

समोर एक बाई पेंगत होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीतून पावाची टोकं बाहेर डोकावत होती. थॅडियसनं डोळे मिटले. इतके दिवस हा शब्द त्यानं ऐकला, तपासला, उलटापालटा करून उजेडात धरला, पण एकदाही म्हटला नव्हता. त्या मेजवानीत सगळ्यांनी म्हटला तेव्हासुद्धा तो नुसता हात बांधून उभा होता, मूळ सांगून झाल्याच्या समाधानात. आता तो त्याच्या तोंडात आला, का आला हे त्याला कळलं नाही. मंडळी म्हणत होती म्हणून असेल, पोराला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून असेल, किंवा नुसत्या थकव्यानं. वरून सुरू करून, दोन झोक्यांत खाली आणून, शेवटी जरा रेंगाळत तो म्हणाला, "चिमो." आवाज फाटका निघाला. सूर मात्र बरोबर लागला.

ऑरिनची मान वळली. सावकाश, सगळं अंग वळवत, तो बापाकडे फिरला आणि त्यानं थॅडियसच्या तोंडाकडे सरळ बघितलं. स्फोटानंतर असं त्यानं कधी बघितलं नव्हतं. ओळख नव्हती त्या नजरेत; थॅडियसनं ती शोधली, घाईघाईनं, हावऱ्यासारखी, आणि नव्हती. होतं ते दुसरंच काही. भुवया जरा वर गेलेल्या, ओठ विलग, डावा तळहात छातीवर तयार. बाकावर बसलेली माणसं एक जबाब देऊन झाल्यावर गाणाऱ्याकडे बघतात तसा, भरवशानं, पुढची ओळ येणारच या खात्रीनं, तो वाट बघत होता.

इंजिनाचा आवाज उतरला. धक्का जवळ आला, दोरखंड घेऊन माणसं उभी राहिली. थॅडियसनं तोंड उघडलं. जगातले एवढे शब्द त्याला माहीत होते, त्यांची घरं, त्यांचे बाप, त्यांच्या वाटा. ऑरिन वाट बघत राहिला, आणि पुढची ओळ थॅडियसपाशी नव्हती.